कोपऱ्यात काचतंतू, मध्ये पोलाद: मिश्र सळ्यांच्या कॉलमची भूकंप-चाचणी, प्रकल्प नोंदी

7 जुलै

कोकणपट्टीतला कॉलम उकलून पाहिला की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त गंजलेली मुख्य सळी कोपऱ्यातलीच सापडते. खारं पाणी तिच्यापर्यंत दोन बाजूंनी पोचतं, मधल्या सळीपर्यंत एकाच बाजूनं. म्हणून कोपऱ्यातल्या चार सळ्या काचतंतूंच्या, म्हणजे जीएफआरपी, आणि प्रत्येक बाजूची मधली एक पोलादी, अशी मांडणी करायची. आडव्या हेलकाव्यात असा कॉलम कसा वागतो, हा या कामाचा प्रश्न. कोयनेचा भाग आयएस 1893 (2016) प्रमाणे झोन 4 मध्ये येतो आणि 11 डिसेंबर 1967 चा धक्का त्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे गंजापुरता विचार करून भागत नाही.

तीन नमुने ठरले. तिन्हींचा छेद 300 × 300 मिमी, कॉंक्रीट एम30 (क्यूब-ताकद 30 एमपीएची प्रत), सळ्या 16 मिमीच्या आठ.

क1: आठही पोलादी, एफई 500डी प्रतीच्या.
क2: कोपऱ्यात 4 जीएफआरपी, बाजूंच्या मध्यावर 4 पोलादी.
क3: उलट. कोपऱ्यात पोलाद, मध्ये जीएफआरपी.

आठही जीएफआरपी असा चौथा नमुना मुद्दाम टाळला. ती सळी तुटेपर्यंत सरळ रेषेत ताणली जाते, पोलादासारखी कायमची लांबून ऊर्जा खात नाही. एसीआय 440.11 ही अमेरिकन संहितासुद्धा जास्त भूकंपधोक्याच्या वर्गांत भूकंपबल घेणाऱ्या भागांसाठी तिला परवानगी देत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असताना दोन टन कॉंक्रीट कशाला ओतायचं?

कॉलम खालून जखडलेला, वरून मोकळा. फुटिंगच्या (तळाच्या पायाच्या) माथ्यापासून अ‍ॅक्चुएटरच्या (आडवं बल देणाऱ्या यंत्राच्या) मध्यापर्यंत 1200 मिमी, त्यावर 200 मिमी डोकं. फुटिंग 1300 × 800 × 700. एका नमुन्याचं वजन साधारण 2.1 टन, त्यामुळे उचलायच्या कड्या फुटिंगमध्येच, डोक्यात नाहीत.

14 जुलै

रिंगांचा, म्हणजे मुख्य सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांचा, हिशेब. आयएस 13920 (2016) प्रमाणे खास बंदिस्तीच्या भागात अंतराला तीन मर्यादा आहेत: लहान बाजूचा पाव भाग म्हणजे 75 मिमी, मुख्य सळीच्या व्यासाची सहापट म्हणजे 96, आणि कमाल 100. यातली 75 लागू. बहुतेक नकाशे इथेच थांबतात आणि क्षेत्रफळाची अट बघतच नाहीत.

ती अट अशी. मुख्य सळीला 40 मिमी कव्हर (सळीबाहेरचा कॉंक्रीटचा थर) ठेवलं, म्हणजे 8 मिमी रिंगेच्या बाहेर 32. गाभा 236 × 236. पूर्ण छेद भागिले गाभा 90000 / 55696 = 1.616. दोन्ही दिशांना मधल्या सळीला धरून एकेक पिन (आडवी जोडसळी) आहे, म्हणून आधाराविना राहणारी लांबी 118 धरली. 0.18 × 75 × 118 × (30/500) × 0.616 = 58.9 चौ. मिमी. 8 मिमी सळीचं क्षेत्रफळ 50.3. कमी पडलं. अंतर 60 केलं की गरज 47.1 वर येते आणि जमतं. तळापासून 600 मिमी उंचीपर्यंत 60, वर 100.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. रिंगा पोलादीच आहेत. जीएफआरपी साइटवर वाकवता येत नाही. राळ एकदा घट्ट झाली की वाकवताना तंतू तुटतात. कारखान्यात वाकवलेली मिळते, पण वळणापाशी तिची ताकद सरळ भागापेक्षा बरीच कमी असते आणि 135 अंशांचा हुक गाभ्यात रुतवणं जमत नाही. म्हणजे कोपऱ्याची मुख्य सळी गंजापासून वाचली तरी तिच्याही बाहेर असलेली रिंग गंजणारच. प्रत्यक्ष किनाऱ्यावर रिंगा स्टेनलेसच्या किंवा एपॉक्सी लेपाच्या घ्याव्या लागतील. हा खर्च न धरता ‘गंजमुक्त कॉलम’ म्हणणं बरोबर नाही. चाचणीत साधं पोलाद चालेल, कारण इथे तपासायची आहे ती ताकद आणि वागणूक.

22 जुलै

सळ्या आल्या. जीएफआरपीच्या बंडलवर 16 मिमी लिहिलेलं, पण वाळूचा थर धरून व्हर्नियरवर 17 च्या पुढे जातात. याचा पहिला फटका रिंगेला: आतून 220 मिमीची रिंग 16 च्या हिशेबानं बनवली तर जाड सळी कोपऱ्याच्या वळणात नीट बसत नाही, आत सरकते. मुख्य सळी आत सरकणं म्हणजे वाकण्याला विरोध करणारा तरफेचा हात कमी होणं, शिवाय दाबात तिला कोपऱ्याचा आधारही नाही. क2 च्या रिंगांचं वळण मोठ्या पिनवर (सळी वाकवायच्या खुंटीवर) घ्यायला फिटरला सांगितलं.

क्षेत्रफळ व्हर्नियरनं काढायचं नाही. 200 मिमीचा तुकडा मोजपात्रात बुडवून किती पाणी चढतं ते बघायचं. 16 मिमीच्या नितळ सळीला 40.2 मिली यायला हवं, इथे त्याहून जास्त येतं. ते जास्तीचं सगळं वाळू आणि राळ, त्याला ताकद नाही. म्हणून पुढे ताण ‘एमपीए’मध्ये न लिहिता शक्यतो बल आणि ‘ईए’ (लवचीकता गुणांक × क्षेत्रफळ, म्हणजे सळीचा कडकपणा) लिहू. क्षेत्रफळ कुठलं धरलं यावर वाद राहत नाही.

साठवण शेडमध्ये, ताडपत्रीखाली. उन्हानं राळ खराब होते. कापताना कटर मशीनचा जबडा वापरायचा नाही, टोक चिरडून तंतू सुटतात. डायमंड चकतीचा ग्राइंडर, तोंडाला मास्क, हातात जाड मोजे. काचेची कुसळं एकदा कातडीत शिरली की दिवसभर टोचत राहतात.

30 जुलै

ताण-चाचणी. पोलादासारखी जीएफआरपी थेट जबड्यात धरता येत नाही. आडव्या दाबात ती कमकुवत. दात रुतले की पकडीतच चिरडते आणि आकडा खोटा कमी येतो. दोन्ही टोकांना 400 मिमी लांब, जाड भिंतीचे लोखंडी पाइप घालून मध्ये एपॉक्सी भरलं, मध्ये मोकळी लांबी 640 मिमी, म्हणजे व्यासाच्या 40 पट. पाइपात सळी बरोबर मध्यावर हवी, नाहीतर वाकून तुटते. खालचं टोक भरून घट्ट झाल्यावरच उलटं करून दुसरं भरायचं.

तुटण्याचं बल 200 किलोन्यूटनच्या आसपास, ईए सुमारे 10,000 किलोन्यूटन, म्हणजे नाममात्र क्षेत्रफळावर 50,000 एमपीए. पोलादी सळीचं ईए 40,000. तितकंच ताणलं तर काचतंतू सळी पोलादाच्या पावपटच बल देते. सगळ्या प्रकल्पाचा स्वभाव या एका गुणोत्तरात आहे. पोलाद 540 एमपीएला यील्ड झालं (बल न वाढता लांबत गेलं), म्हणजे 109 किलोन्यूटनवर अडकलं. जीएफआरपी सुरुवातीला मागे असते पण चढतच राहते.

तुटताना मध्यावर केरसुणीसारखी फुटते आणि तुकडे उडतात. यंत्राभोवती जाळी लावल्याशिवाय कुणी जवळ उभं राहू नये.

1 ऑगस्ट

छेदाची ताकद हातानं काढली. कॉंक्रीटची सिलिंडर-ताकद 29 एमपीए, पोलाद 540, अक्षीय बल 400 किलोन्यूटन, दाबाच्या कडेला कॉंक्रीटचा टोकाचा संकोच लांबीच्या 0.003 पट. दाबातली जीएफआरपी हिशेबात धरली नाही.

क1: 121 किलोन्यूटन-मीटर, तळापासून 1.2 मीटरवर आडवं बल 101 किलोन्यूटन.
क2: 95 आणि 79.
क3: 104 आणि 87.

क2 आणि क3 मध्ये सळ्या तेवढ्याच, फक्त जागा बदलल्या. ताणाच्या बाजूच्या तीन सळ्यांपैकी क3 मध्ये दोन पोलादी, क2 मध्ये एकच. म्हणून साधारण दहा टक्क्यांचा फरक.

आता मिश्र सळ्यांचं दुसरं कारण. हेलकाव्यानंतर कॉलम सरळ उभा राहायचा, तर ताणून लांब झालेली पोलादी सळी पुन्हा दाबून आखूड करावी लागते. क1 मध्ये त्यासाठी आठ सळ्यांचं 8 × 201 × 540, म्हणजे 868 किलोन्यूटन लागतं आणि हाताशी आहे अक्षीय बलाचं 400. क2 मध्ये लागतं 434. समोर तेच 400 आणि शिवाय काचतंतू सळ्यांचा लवचीक ताण. म्हणजे क2 जवळपास स्वतःहून परत येणार. शून्यावर आणण्याची ही क्षमता किती महत्त्वाची, ते 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपानंतर दिसलं. पुलांचे शंभरच्या आसपास खांब पडले नव्हते, पण उंचीच्या 1.75 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे एक अंश, कललेले राहिले म्हणून पाडावे लागले.

9 ऑगस्ट

स्ट्रेन गेज (सळी किती ताणली ते मोजणाऱ्या पट्ट्या). पोलादाला नेहमीसारखे. जीएफआरपीवर दोन खबरदाऱ्या. एक, वाळूचा थर फक्त गेजच्या रुंदीइतका आणि हलक्या हातानं घासायचा. तंतू कापले गेले तर ती सळी तिथेच तुटेल. दोन, काचतंतू उष्णता वाहून नेत नाही. पोलादावर चालणारा 120 ओहमचा गेज इथे स्वतःच्याच उष्णतेनं सरकत राहतो. 350 ओहमचे गेज घेतले आणि व्होल्टेज 5 वरून 2 वर आणलं. मग शून्य स्थिर राहिलं.

जागा: फुटिंगच्या माथ्यावर, 100 आणि 200 मिमी वर, शिवाय फुटिंगच्या आत 100 आणि 300 मिमी खाली. आतले गेज महत्त्वाचे, कारण जीएफआरपीला खाली वाकवता येत नाही. पोलादी सळीला 90 अंशांचा पाय आहे, ती तळाच्या जाळीवर बसते. जीएफआरपी सरळच, 640 मिमी आत. सरासरी 4 एमपीए पकड धरली तर 600 एमपीए उचलायला 16 × 600 / (4 × 4) = 600 मिमी लागतात. म्हणूनच फुटिंग 700 उंच. साध्या घराच्या 450 च्या फुटिंगमध्ये ही सळी पुरेशी रुतत नाही, हे आत्ताच सांगून ठेवायला हवं.

बांधणीसाठी जीएफआरपीवर प्लास्टिकचे केबल टाय. बाइंडिंग वायर पिळून आवळली की वाळूचा थर खरवडला जातो, आणि ढिली ठेवली तर सळी हलते, कारण ती लवचीक आणि हलकी आहे. पिंजरा उभा केल्यावर वरच्या टोकाला लाकडी साचा लावून चारही कोपरे जागेवर धरले.

18 ऑगस्ट

फुटिंग भरली, आरएमसी (तयार मिळणारं कॉंक्रीट). माथ्यावरचा कॉलमखालचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी तारेच्या ब्रशनं खडी दिसेपर्यंत खरवडला. स्टार्टर (कॉलमच्या तळाशी आधी भरायचा छोटा भाग) दिलेला नाही. साइटवर सेंट्रिंग बसवायला 75–100 मिमी स्टार्टर सोयीचा, पण चाचणीत त्याचा सांधा नेमका जिथे कॉलम मोडणार तिथे येतो.

26 ऑगस्ट

कॉलम भरले, प्रयोगशाळेच्या मिक्सरवर. एका घनमीटरला: सिमेंट 380 किलो, पाणी 171 लिटर, क्रश सँड 820, खडी 1085 किलो, गरजेपुरतं अ‍ॅडमिक्श्चर. खडी 12.5 मिमीच्या आतली, कारण 60 मिमीवर रिंग आणि वर पिना असताना 20 ची खडी कोपऱ्यात अडकते. स्लंप 120. नीडल व्हायब्रेटर 25 मिमीचा. जाड नीडल घातली तर गेजच्या वायरी तुटतात. सुई जीएफआरपीला टेकवायची नाही. गोणपाट गुंडाळून 14 दिवस पाणी.

23 सप्टेंबर

28 दिवसांचे क्यूब: सरासरी 36.5 एमपीए. 0.8 नं गुणलं की 29. हिशेबात धरलेला आकडा बदलायची गरज नाही.

3 ऑक्टोबर

मांडणी. अक्षीय बल डोक्यावरच्या आडव्या तुळईतून, कॉलमच्या दोन बाजूंना दोन जाड रॉड, खाली फुटिंगच्या माथ्याच्या पातळीवर बिजागरी, वर जॅक. यात एक खोच आहे. कॉलम कलला की रॉडही कलतात आणि अक्षीय बलाची रेषा कायम तळातल्या बिजागरीतूनच जाते. म्हणजे तळाशी पी-डेल्टाचा, म्हणजे सरकलेल्या वजनामुळे येणारा, जादा वाकवणारा परिणाम येतच नाही. इमारतीत वजन सरळ खाली असतं, तिथे तो येतो. म्हणून आलेखातल्या बलातून 400 × सरकणं / 1200 वजा करायचं: 2 टक्क्यांना (उंचीच्या, म्हणजे 24 मिमी सरकल्यावर) 8 किलोन्यूटन, 3.5 टक्क्यांना 14. हे न करता काढलेले आलेख दिसायला फार देखणे येतात.

फुटिंग चार हाय-टेन्साइल रॉडनी स्ट्राँग फ्लोअरला (प्रयोगशाळेच्या जाड फरशीला) आवळली. तरीही फुटिंगच्या दोन्ही टोकांना एलव्हीडीटी (सरकणं मोजणारी उपकरणं). पहिल्या टप्प्यात कॉलम फक्त 3 मिमी सरकणार. फुटिंग त्यात 1 मिमी घसरली तर कडकपणाचा आकडा निरर्थक.

टप्पे, प्रत्येकी तीन फेऱ्या: 0.25, 0.35, 0.5, 0.75, 1.0, 1.5, 2.0, 2.75, 3.5, 4.5 टक्के. पुढचा टप्पा मागच्याच्या 1.25 ते 1.5 पट, ही एसीआय 374.1 ची चौकट. तिचे आपल्याला लागणारे दोन निकष: 3.5 टक्क्यांच्या तिसऱ्या फेरीत कमाल बलाच्या किमान 75 टक्के शिल्लक हवं, आणि ऊर्जेचं गुणोत्तर (फेरीत खरोखर खाल्लेली ऊर्जा भागिले आदर्श भरलेल्या फेऱ्याची ऊर्जा) किमान 1/8.

8 ऑक्टोबर

क1. अपेक्षेप्रमाणे. 2 टक्क्यांना 106 किलोन्यूटन, तिथूनच कोपऱ्याचं कव्हर सुटायला लागलं. 3.5 ला पहिल्या फेरीत 100, तिसरीत 94. वजाबाकीनंतर 98 वरून 80, निकषात बसतो. बल-सरकण्याच्या आलेखाचे फेरे जाड, भरलेले, ऊर्जेचं गुणोत्तर 0.3 च्या वर. बल शून्यावर आणलं तरी कॉलम 23 मिमी कललेलाच, म्हणजे जवळजवळ 2 टक्के. तळाच्या भेगेत पट्टी शिरत होती.

15 ऑक्टोबर

क2. 1 टक्क्यापर्यंत क1 पेक्षा मऊ. तेवढ्याच बलाला जास्त सरकतो. भेगा जास्त, पण बारीक आणि उंचीवर पसरलेल्या. पोलादी सळ्या यील्ड झाल्यानंतर क1 चा आलेख सपाट होतो, इथे तो हळूहळू चढत राहिला. 2 टक्क्यांना 85, 3.5 ला 90. वजा केल्यावर 77 आणि 76. म्हणजे पी-डेल्टानं जे खाल्लं ते काचतंतू सळ्यांनी भरून काढलं. क1 मध्ये हीच जोडी 98 आणि 86 अशी उतरते. तिसऱ्या फेरीत 83, वजा करून 69, निकषात.

बल शून्य केल्यावर 3.5 टक्क्यांच्या फेरीनंतर 10 मिमी शिल्लक, 0.8 टक्क्यांच्या आसपास. भेगा डोळ्यादेखत मिटत होत्या. तळाच्या गेजवर कोपऱ्याच्या सळीचं ताणणं लांबीच्या 0.009 पट, म्हणजे तुटण्याच्या बलाच्या निम्म्याहून कमी.

किंमतही लगेच दिसते. फेरे मध्यावर बारीक झालेले, गुणोत्तर 0.16. उंबरठा 0.125. पास, पण हातात फारसं काही नाही. पोलाद चारांवरून आणखी कमी केलं, किंवा 12 मिमीचं केलं, तर हा आकडा उंबरठ्याखाली जाईल. कमी ऊर्जा खाणारा कॉलम खऱ्या भूकंपात जास्त सरकतो. मागे कमी कलतो हे खरं, पण वाटेत भिंती आणि जिन्यांना जास्त ताण देतो. दोन्ही एकत्र मांडायला हवं.

4.5 टक्क्यांच्या दुसऱ्या फेरीत दाबाच्या कोपऱ्यातून सुकी लाकडी फळी चिरल्यासारखा आवाज आला आणि उलट्या दिशेला बल चौथाईनं उतरलं. चाचणी तिथे थांबवली.

17 ऑक्टोबर

क2 चा तळ उकलला. आवाज आला त्या कोपऱ्यातली जीएफआरपी सळी पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मध्ये उभी फाटलेली, तंतू बाहेर फुललेले. ताणात तुटलेली नाही. दाबात चिरडली, आणि पुढच्या फेरीत ताण घ्यायला उरलीच नाही. ताणाचे आकडे निम्म्यावर असताना सळी गेली, ती या कारणानं. पुरवठादाराच्या पत्रकातली ताणाची ताकद बघून कॉलमचा अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं.

रिंग शाबूत, हुक उघडलेला नाही, पण त्या कोपऱ्यात रिंग आणि सळी यांच्यात 4 मिमी फट आहे, कॉंक्रीटनं भरलेली. मोठ्या पिनवर वळण घेऊनसुद्धा सळी आत सरकलेली. समोरच्या कोपऱ्यात सळी रिंगेला चिकटलेली आहे आणि तिथे फक्त वाळूचा थर सुटलाय. एका कॉलमच्या दोन कोपऱ्यांवरून नियम करता येत नाही, तरी फरक नजरेत भरतो.

फुटिंगमधले गेज: 300 मिमी खोलीवर ताण जवळजवळ शून्य. सरळ सळीची पकड सुटलेली नाही. तळाच्या भेगेत सळी किती घसरली ते 100 मिमीच्या गेजवरून काढायचं आहे.

18 ऑक्टोबर

क3 साठी बदल नाही, कारण तो भरलेलाच आहे. मधल्या जीएफआरपी सळ्यांना रिंगेचा कोपरा नाही, पिनेचाच आधार आहे. पिनेचं एक टोक 135, दुसरं 90 अंश. चाचणीआधी पिनांच्या 90 अंशी टोकांच्या जागा कव्हरवर खडूनं खुणावून ठेवायच्या आणि कॅमेरा त्या बाजूला लावायचा. 2.75 टक्क्यांपासून प्रत्येक फेरीनंतर तिथे हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का बघायचं.

क2 ची मांडणी पुन्हा भरायची झाली तर तळाच्या 300 मिमीमध्ये रिंगांचं अंतर 45, आणि रिंग घालताना कोपऱ्याची सळी रिंगेला टेकलीय का, हे फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) तपासून नोंदवायचं. सळीमागे 1 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर रिंग बदलायची, टाय आवळून ओढून घ्यायची नाही.